‘नाही’ची जागा

अवं पोरी, अशी जवळ ये. कागदातून का होईना, पण जवळ ये. दिवाळीत आलीस तेव्हा चहा अर्धा टाकून बस गाठायला पळालीस, आणि पळता पळता दारात काय बोलून गेलीस? मी म्हटलं, देवाला हात जोड आणि मग नीघ. तर हसत म्हणालीस, "आजी, मी नास्तिक हाय. माह्या आजीसारखी." तुला वाटलं म्हातारी रागवेल, नाहीतर हसेल. मला दोन्ही जमलं नाही. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

आता रागावते, थोडीशीच. नास्तिक असल्याबद्दल नाही बरं का. रस्त्यात सापडलेलं लुगडं झटकून अंगाला गुंडाळावं तसा तो शब्द गुंडाळून घेतलास. कोणाचं होतं, कोणी फेडून घेतलं, काही विचारलं नाहीस. तुझ्या आईची आई म्हणजे माझी वहिनी. ती नास्तिक नव्हती. तो शब्द तिच्यावर भर गावात फेकला गेला, आणि फेकणाऱ्यांत मी होते. दहा वर्षांची होते, पण होते. तुझ्या आईला आजही वाटतं की तिची आई देव मानायचा नाही म्हणून दोन वर्षांचं लेकरू टाकून निघून गेली. तसं झालं नाही. कसं झालं ते लिहिते, मध्ये उठू नकोस.

दादाचं लग्न साठ सालाच्या आगेमागे झालं. आमचं गाव बोरी अरबपासून पायी तासाभराच्या वाटेवर. शेतात कापूस, तूर, ज्वारी. बाप मी लहान असतानाच गेलेला, घर आईच्या हातात. वहिनी दिग्रसची, तिचे वडील तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सातवी शिकलेली सून म्हणजे आमच्या गावात तेव्हा नवल होतं. बाया तिला पाहायला यायच्या आणि विचारायच्या, "वाचून दाखोतं काय वं?" ती कशाच्याही पुडीचा कागद वाचून दाखवायची. बाया समाधानानं घरी जायच्या.

वहिनीला एक खोड होती. जेवढं माहीत तेवढंच ती बोलायची. आई अंगणातून ओरडायची, "आज पानी येते काय वं?" वहिनी म्हणायची, "मले कसं माहीत, आत्याबाई?" सासूला तेव्हा आत्याबाईच म्हणायचे.

"अवं, येते म्हन, नाईतं नाई येत म्हन! मी का पावसाले साक्षीत बोलावतो?"

आमच्याकडे बायाही स्वतःबद्दल ‘करतो, जातो’च म्हणतात, ते तुला ठाऊक आहे. तर आई असं बोलायची आणि वहिनी गप्प हसायची. शेजारीण विचारायची, सुनबाई, म्हैस गाभण हाय ना? आई म्हणायची, "हाय तं!" वहिनी म्हणायची, "महिना-दोन महिन्यानं समजंल." आईला त्याचा भारी राग यायचा. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला ‘हाय’ नाहीतर ‘नाही’ लागायचं. मधलं काही लागायचं नाही. मधलं बोलणारं माणूस आईला चोरटं वाटायचं.

मला मात्र ती आवडायची. संध्याकाळी चुलीपाशी माझा अभ्यास घ्यायची. मी चौथीत. होकारार्थी वाक्य, नकारार्थी वाक्य, असं काहीतरी गुरुजींनी दिलं होतं. मी सगळ्या वाक्यांच्या शेवटी ‘नाही’ ठोकून मोकळी झाले. वहिनीनं पाटी पाहिली. म्हणाली, "बाई, ‘नाही’ कुठंबी बसवाचं नसते. ते जिथं बसते तिथचं घर मोडते."

मला काही कळलं नाही. मग तिनं मला अंगणात नेलं. कोंबड्या झाकायचं डालं पालथं होतं.

"याच्याखाली कोंबडी हाय काय?"

मी कान लावला. "नाही."

"काहून?"

"ओरडत नाही."

"झोपली असंल तं?"

"मंग हाय."

"काहून? तू पाह्यली?"

मी रडकुंडीला आले. ती हसली. म्हणाली, "हे पाह्य. ‘कोंबडी नाही असं मी मानतो’ हे येक वाक्य. ‘कोंबडी हाय असं मी मानत नाही’ हे दुसरं वाक्य. पहिल्यात तू डाल्याखालची गोठ सांगून राह्यली. दुसऱ्यात आपल्या पोटातली गोठ सांगून राह्यली. डालं उचललं नाही तवालोक दुसरंच वाक्य खरं."

मी डालं उचललं. खाली कोंबडी नव्हती, एक अंडं होतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की आई बाहेर आली आणि अंडं घेऊन गेली.

हे इतकं सविस्तर का सांगते? पुढं मी जे केलं ते न समजून केलं असं तुला वाटू नये म्हणून. मला समजत होतं. ते वाक्य मी पाटीवर तीनदा लिहिलं होतं.

तुझी आई दीड-दोन वर्षांची झाली तेव्हा आमच्या भागात माता निघाली. तुमच्या पिढीनं तो रोग पाहिलाच नाही. अंगभर फोड, डोळे जायचे, पोरं जायची. त्याला रोग म्हणायची चोरी. पुस्तकात ‘देवी’ लिहायचे, आम्ही ‘माता’ म्हणायचो, आणि गावाबाहेर निंबाखाली शेंदूर लावलेला दगड होता ती मातामाय. ती घरात पाहुणी आली असं धरून वागायचं. घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, दगडापुढं दहीभाताचा गार निवद ठेवायचा, आणि पाहुणीनं लवकर निघावं अशी वाट पाहायची. पण नीघ म्हणायचं नाही, नाहीतर ती रुसते.

अशात बोरीहून सायकलवर लस टोचणारा माणूस आला. त्या कामालाही ‘देवी काढणं’च म्हणत. शब्दाचा घोळ पाहा. सरकारच्या लेखी देवी काढणं म्हणजे दंडावर लस टोचणं, आणि माझ्या आईच्या कानाला ते ऐकू यायचं, घरातली देवी हाकलून काढणं. तो शाळेच्या ओसरीत बसला तशी गावातली पोरं गायब. कोणी कोठीत, कोणी तुरीच्या शेतात. माझी जिवाची मैत्रीण शेजारच्याच घरची, तिला तिच्या आईनं तुरीत नेऊन बसवलं. मला आणि तुझ्या आईला आमच्या आईनं कापसाच्या खोलीत टाकलं. वेचून आणलेला कापूस छपरापर्यंत भरला होता. आम्ही दोघी गळ्यापर्यंत त्यात. तुझी आई खुदुखुदु हसत होती, मी तिच्या तोंडावर हात धरला होता.

दार उघडलं ते वहिनीनं. तिनं तुझ्या आईला कापसातून उपसून काढलं, डोक्यावरचा कापूस झटकला, मला म्हणाली, "चाल."

"आई मारंल."

"मारंल," वहिनी म्हणाली. "चाल."

टोचणाऱ्याकडं फिरकीसारखी सुई होती, दंडावर दाबून गरकन फिरवायचा. मी बोंब मारली. तुझी आई माझ्याहून कमी रडली. परत आलो तर आई दारात. तिनं आमचे दंड पाहिले आणि वहिनीच्या तोंडात मारली. एकच, पण तिच्या ओठातून रक्त आलं.

"देवी काढली! माह्या घरची देवी काढली या रांडनं!"

वहिनीनं पदरानं ओठ पुसला. "आत्याबाई, लस टोचली."

"म्या माह्या कानानं आयकलं तो मानूस काय म्हने ते. देवी काढून घ्या, देवी काढून घ्या, असा ओरडत फिरे."

लस लागली की ताप येतो, फोड येतो. तुझ्या आईला आला. आईनं तो सगळ्या गल्लीला दाखवला. मातामाय रागावली, हे पाहा, हा तिचा राग. चार दिवसांत ताप उतरला, तेव्हा कोणाला दाखवला नाही.

त्या दिवसांत मी वहिनीला विचारलं. दळणाला बसलो होतो, जात्यावर समोरासमोर. "वहिनी, तू मातामायले मानत नाही काय?"

तिनं खुंटा थांबवला. म्हणाली, "‘मानतं काय’ म्हंजे दोन सवाल झाले बाई. दगडापुढं निवद ठेवतं काय म्हनशील, तं ठेवतो. तुही आई ठेवते म्हनून ठेवतो. तिचा मान म्हनून. मातामाय हाय हे खरं मानतं काय म्हनशील, तं, हाय असं मी मानत नाही. नाही असंबी मानत नाही. म्या पाह्यलं नाही. पाह्यलं तं सांगीन."

"अन् मंग लस काहून टोचली?"

"लस म्या पाह्यली. दिग्रसले आमच्या गल्लीत टोचलेली पोरं वाचली."

एवढंच बोलणं. तिथं आम्ही दोघीच होतो, आणि पाठीमागच्या दारातून आई गेली असावी, कारण पुढं तिला माहीत होतं की मला काही माहीत आहे.

आठ-दहा दिवसांनी माझ्या मैत्रिणीला माता निघाली. तुरीत लपवलेली ती. तिला पाहायला मला जाऊ दिलं नाही. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, पाणी मागायची, मग आवाज बदलला, मग येईनासा झाला. तिला नेलं तेव्हा तिच्या आईनं आमच्या दारापुढं उभं राहून दोन्ही हातांनी आपलं कपाळ बडवलं आणि म्हणाली, "इथून काढली, म्हनून माह्या घरात घुसली! तुमच्या सुनीनं हाकलली, माहीले खाल्ली!"

 तिची मुलगी गेली होती. आणि गावाला ते पटलं. एका घरातून देवी काढली तर ती कुठंतरी जाणारच, शेजारच्या घरात जाणार, हा हिशोब कोणालाही समजण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निंबाखाली माणसं जमली. दगडाची पूजा करणारा म्हातारा, पाटील, आमचे गुरुजी, बाया एका बाजूला. मैत्रिणीची आई खाली बसून डोलत होती. माझ्या आईच्या कडेवर तुझी आई. दादा बैलाच्या मानेवर हात ठेवून लांब उभा, जसा काही बैल विकायला आणला होता. वहिनी मध्ये.

पुजारी म्हातारा वाईट नव्हता. म्हणाला, "सुनबाई मातामायले मानत नाही म्हनतात. कोनी आयकलं?"

आई म्हणाली, "माह्या पोट्टीनं आयकलं."

आणि सगळं गाव माझ्याकडे वळलं. मी तोवर कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. पोट्टीला कोण विचारतं? आणि आता पाटील माझ्याकडे पाहत होता, गुरुजी पाहत होते, बायांनी कुजबुज थांबवली. 

"सांग बाई, भेऊ नोको. काय म्हने तुही वहिनी?"

मी म्हटलं, "वहिनी म्हनते, मातामाय नाही."

बायांतून एक ‘मायवं!’ निघाला. वहिनी माझ्यापाशी आली, उकिडवी बसली, माझ्या तोंडाला तोंड आलं. ओठावरची खपली अजून गेली नव्हती. हळूच म्हणाली, "बाई, नीट सांग. ‘नाही’ कुठं बसवलं होतं म्या?"

मागून कोणीतरी ओरडलं, "इथं शाळा भरली काय वं?" आणि लोक हसले. काल एक पोर पुरली होती, आणि लोक हसले.

वहिनीनं तिकडे पाहिलं नाही. "दोन वाक्यं होती. म्या कोनतं म्हटलं?"

मला माहीत होतं. दोन्ही वाक्यं जिभेवर होती. मैत्रीण गेली, मन जळत होतं, म्हणून बोलले, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. आईला भ्यायले असंही नाही, आई चार हात लांब होती. हसणारे लोक पुन्हा गप्प झाले होते आणि माझ्या उत्तराची वाट पाहत होते, आणि दुसरं वाक्य लांबलचक होतं. ते सांगितलं असतं तर कोणाला समजलं नसतं, लोकांनी ‘बस खाली’ म्हटलं असतं. पहिलं वाक्य आखूड होतं, त्याचा आवाज झाला असता. एवढ्यासाठी. दहा वर्षांच्या पोरीच्या मोठेपणासाठी.

"तू म्हटलं," मी मोठ्यानं म्हटलं, "मातामाय नाही."

वहिनी उठली. गुडघे झटकले.

तेव्हा गुरुजी बोलले. शिकलेला माणूस, गप्प कसा राहणार? म्हणाले, "अशा माणसाला नास्तिक म्हणतात." त्या शब्दानं जे केलं ते आईच्या थपडीनं केलं नव्हतं. गावात हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. पुस्तकातला शब्द, गुरुजींच्या तोंडचा, म्हणजे काहीतरी पक्कं असणार. बायांनी तो आपापसात फिरवला, नासतिक, नासतिक, आणि त्याचा त्यांना लागलीच अर्थ लागला. नासवणारी. जिच्यानं नास होतो ती. दूध नासतं तशी. आई म्हणाली, "म्हनूनच! दोन महिने झाले, माह्या घरात दूध नासून राह्यलं!" उन्हाळा तोंडावर होता, दूध सगळ्यांचंच नासत होतं. पण आता त्याला नाव मिळालं. गुरुजींनी काही तो अर्थ दुरुस्त केला नाही. पायांकडे पाहत उभे राहिले.

पुजारी म्हातारा अजून मिटवायला बघत होता. "हे पाह्य सुनबाई, वाद नोको. तू म्हन मातामाय हाय. नाक घास, नारळ फोड. झालं."

वहिनीनं आईच्या कडेवर पाहिलं. तुझी आई निंबोणीचा पाला चोखत होती. वहिनीनं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा, माझ्या माहितीत तरी पहिल्यांदा, न पाहिलेलं बोलली.

"हाय," ती म्हणाली. "मातामाय हाय." खाली वाकली, दगडापुढच्या मातीत नाक घासलं. उठली तेव्हा खपली निघून ओठ पुन्हा वाहत होता.

म्हातारा म्हणाला, "बस. झालं."

पण आई म्हणाली, "काय झालं? आत्ता माह्या पोट्टीनं सांगतलं ना, हे काय मानते ते! पोटात नाही अन् तोंडात हाय! मायपुढं खोटं बोलली! हे पाप कोनाच्या डोक्शावर?"

कळलं का पोरी, माझ्या त्या वाक्यानं काय केलं? मी खरं वाक्य सांगितलं असतं तर तिच्या ‘हाय’ला जागा होती. काल ठरलं नव्हतं, आज ठरलं, असं तिला म्हणता आलं असतं. मी पोटातच ‘नाही’ बसवून ठेवलं, मग तोंडातलं ‘हाय’ खोटंच ठरणार.

वहिनी म्हणाली, "मंग मी काय करू, आत्याबाई? तुमीच सांगा."

"जाय."

"लेकरू द्या."

"लेकरू नाही भेटत. देवी काढली तिची, आता जीव काढशील."

ती पुढं झाली, तशा दोन बाया मध्ये आल्या. मारामारी झाली नाही. एकीनं नुसतं तिचं मनगट धरलं. मी तिथंच होते. दादा होता. त्याचा हात बैलाच्या मानेवरून हलला नाही. नंतर त्यानंच गाडी जुंपली, तिला बोरीला दिग्रसच्या बसमध्ये बसवून आला. रात्री जेवला. आईनं मला त्या दिवशी दुधावरची साय दिली. मी ती खाल्ली.

मग पुढं? दादाचं दुसरं लग्न झालं. नवी वहिनी साधी होती, आईच्या प्रत्येक विचारण्याला ‘हाव’ म्हणायची. तुझी आई तिलाच आई म्हणायला लागली.

बोरीच्या बाजाराला मी तुझ्या आईला बोटाशी धरून जायची. तीनेक वर्षांनी असेल, बांगड्यांच्या दुकानापाशी वहिनी उभी दिसली. दिग्रसहून आली असणार, कोण जाणे किती बाजार अशी येत होती. जवळ आली नाही. नुसती पाहत होती. तुझी आई चार-पाच वर्षांची, तिनं विचारलं, "आत्या, ते बाई कोन हाय? काहून पाहून राह्यली?"

मी म्हटलं, "ठाव नाही."

ऐकू जाईल इतक्या अंतरावर होती वहिनी. तिनं मान वळवली आणि बांगड्यांकडे पाहायला लागली. त्यानंतर ती बाजारात दिसली नाही.

माता पुन्हा एकदा निघाली. गावातली पोरं पडली, तुझ्या आईला ओरखडासुद्धा नाही. आजारी पोरांत खेळून यायची. आई सगळ्यांना सांगायची, "पाहा, माय माह्या नातीवर कशी राजी हाय." आणि तिचा दंड दाखवायची, टोचल्याचा वण होता ना, गोल. "हे पाहा, मायचं बोट लागलं." तुझी आई अजूनही तेच सांगते. तुलाही सांगितलं असेल. मी शेजारी बसून ऐकते. माझ्याही दंडावर तसाच वण आहे, मी पदर ओढून घेते.

पंधरा-सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि सासर मिळालं दिग्रसचं. वहिनी भावाच्या घरात राहत होती, शिवणाची मशीन चालवायची. तिच्या गल्लीत जायला मला दोन वर्षं लागली. ती मशीनवर होती. मला ओळखलं, "बसा" म्हणाली. मला ‘बसा’ म्हणाली. मी तिथंच सांगून टाकलं, वहिनी, म्या खोटं सांगतलं होतं.

मशीन थांबली नाही. शिवण पूर्ण करून दोरा दातानं तोडला. म्हणाली, "समजत नव्हतं असंल तवा. लहान होत्या तुमी."

एवढा सोपा रस्ता तिनं दिला होता. ‘हो’ म्हटलं असतं तर रडून घरी आले असते. मी म्हटलं, "समजत होतं."

तिनं शिवलेलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मंग मले कायले सांगता? मले तं माहीतच होतं. तिले सांगा." आणि दुसरं कापड मशीनखाली घेतलं.

ती मग पुष्कळ वर्षं जगली आणि एका पावसाळ्यात वारली. तुझ्या आईला निरोप गेला होता. तुझी आई गेली नाही. म्हणाली, "जिनं देवापायी मले टाकलं तिच्या मातीले मी कायले जाऊ?" ते माझ्यापुढं म्हणाली, माझ्या ओसरीवर. मी भाजी निवडत होते, निवडत राहिले.

त्याच्यानंतर मी वाचायला लागले. चौथी पास बाई, पण जुना शब्दकोश मिळवला, वाचनालयातून तत्त्वज्ञानाची पुस्तकं आणवली, अर्धी कळली, अर्धी नाही. नास्तिक म्हणजे ‘न अस्ति’ म्हणणारा, नाही असं ठासून सांगणारा. तसं तुझी आजी कधी बोलली नाही. जुन्या शास्त्रात तर वेद न मानणारा तो नास्तिक, देव मानो न मानो. तसं पाहिलं तर माझ्या आईनं वेदाचं अक्षर ऐकलं नव्हतं, तिला काय म्हणायचं? देवाचं कळण्याजोगं नाही म्हणणाऱ्याला अज्ञेयवादी म्हणतात, पण वहिनी तर म्हणायची, पाह्यलं तं सांगीन. म्हणजे तोही शब्द तिला सैल होतो. श्रद्धा वेगळी, विश्वास वेगळा. देव आहे हे मानणं एक, आणि त्याच्यावर भरवसा टाकणं दुसरं. आईचा मातामायवर भरवसा असता तर तिनं आम्हाला कापसात कशाला लपवलं असतं? आई भीत होती. भीतीला कोशात श्रद्धेशेजारी जागा दिलेली मला सापडली नाही, पण आमच्या घरात त्या दोघी एकाच चुलीवर जेवायच्या.

इतके शब्द धुंडाळले मी, आणि खरं सांगू? ते सगळे उशीर करण्याचे शब्द होते. नेमका शब्द सापडला की तुझ्या आईला सांगीन, असं म्हणत म्हणत वर्षं घालवली. माझी आई जिवंत होती तोवर तिचं निमित्त, दादा होता तोवर त्याचं. दोघं जाऊनही आता किती काळ झाला. खरं कारण हे की तुझी आई मला आईच्या जागी मानते. सणाला पहिलं लुगडं मला आणते. सांगितलं की ते जाईल. जायलाच पाहिजे, ते माझं नाहीच. पण या वयातही हात सुटत नाही.

म्हणून हे तुला लिहिलं. तू तिला वाचून दाखवू नकोस, तेवढं ऐक. कागदावरून तिला कळलं तर मी पुन्हा एकदा लांबून बोलले असं होईल. तिच्या तोंडाकडं पाहून मलाच सांगायचं आहे. तिनं मग मला ओसरीवरून उठवलं तरी चालेल, शिव्या दिल्या तरी चालतील, आईच्या मातीला न गेल्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडलं तरी ते तिथलंच आहे. माझं आता ऐंशीकडं चाललंय, डावा डोळा गेला, गुडघे उचलत नाहीत, नाहीतर मीच आले असते.

तेव्हा पोरी, ये. एकटी येऊ नको, आईला घेऊन ये. काही निमित्त सांग, आत्या आजारी हाय म्हन, ते खोटंही होणार नाही. तूर निघायच्या आत ये. दोन दिवस राहायच्या तयारीनं ये, लवकर ये.